गार्डाचा डबा

चकलांब्यास आगगाडी नाहीं. पूर्वीं कधीं नव्हती, आणि नकाशा पाहतां पुढें येईल असेंही दिसत नाहीं. गेवराई तालुक्याच्या या कोपऱ्यांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना आगगाडी पाहावयाची झाल्यास गोदावरी ओलांडून जालन्यास जावें लागे. बीड जिल्ह्यांत रूळच नव्हते असें मात्र म्हणतां येणार नाहीं. परळी-वैजनाथास ते फार जुने आहेत. पण परळी जिल्ह्याच्या पूर्वेकडे आणि आम्ही पश्चिमेकडे. खुद्द बीड शहरास अहिल्यानगराकडून गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. आष्टीपर्यंत ती २०२२ सालींच येऊन थांबली होती. अशा गांवांत, माळवदाच्या घरांत, खिडकीपाशीं बसून एक साठी उलटलेला संस्कृतचा मास्तर आगगाडीचे बोटभर लांबीचे डबे जुळवितो व रंगवितो, हें ऐकून वाचकांस हंसूं आल्यास आम्हांस त्याचा राग नाहीं. घरच्या मंडळींस तें आधींच येऊन गेलें आहे.

या उद्योगाचें मूळ आमच्या पुतण्याकडे आहे. थोरल्या बंधूंचा हा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं असतो. दोन दिवाळ्यांमागें तो सहकुटुंब आला, तेव्हां आमच्या दहा वर्षांच्या नातवाकरितां त्यानें तीन चपट्या पेट्या आणिल्या. वर मालगाडीच्या डब्यांचीं सुरेख चित्रें. नातवानें मोठ्या आशेनें झांकण उघडलें, तों आंत डबा नाहींच! करड्या प्लॅस्टिकच्या डहाळ्या, त्यांना फळांप्रमाणें लटकलेले चाळीस-पन्नास बारीक तुकडे, दोन आंसांवर बसविलेलीं चार चाकें आणि एक घडीचा कागद. “आजोबा, हें तर तुटलेलें आहे!” असें म्हणून तो जो उठला तो थेट मोबाइलकडे गेला. कागदावर इंग्रजींत क्रमवार सूचना होत्या. उभा जन्म मुलांना ‘आधीं प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा’ असें बजावीत आलेल्या माणसानें तो कागद न वाचतां परत पेटींत ठेवणें शक्य नव्हतें.

विलायतेंत हा छंद कांहीं आजचा नव्हे. प्लॅस्टिकच्या मालडब्यांचे जे साचे एअरफिक्स कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत काढले, त्यांतील कित्येक पुढें डॅपोल या कंपनीकडे गेले आणि त्यांतून नवे डबे निघत राहिले. म्हणजे जे डबे खऱ्या रुळांवरून केव्हांच मोडींत गेले, त्यांचीं हीं धाकटीं भावंडें अद्याप जन्मास येतच आहेत!

पहिली पेटी उघड्या मालडब्याची होती. तिनें आमचे बारा दिवस घेतले. तुकडा डहाळीपासून ओढून तोडावयाचा नसतो. नखें कापण्याच्या कात्रीनें अलगद छाटून, राहिलेला देंठ बारीक कानशीनें घांसावयाचा. मग जोडणी. जोडणीचा गोंद हा गोंद नव्हेच. तें पाण्यासारखें पातळ द्रावण असतें. दोन तुकडे एकमेकांशीं भिडवून धरावे आणि फटीच्या एका टोंकास त्या द्रावणाची ओली कुंचली नुसती टेंकवावी, कीं तें आपोआप सबंध फटींत धांवत जातें. दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवितें, ते परस्परांत मिसळतात, आणि द्रावण उडून गेलें म्हणजे जोड असा उरतच नाहीं. समासांत पदें जवळ बसतात, पण संधींत वर्णच पालटतात. हा संधि आहे. त्याचा वास मात्र उग्र. त्यामुळें खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि खिडकी उघडली कीं चकलांब्याची धूळ आंत येते. चैत्र-वैशाखांत तर रंग कुंचल्यावरच वाळतो. म्हणून उन्हाळ्यांत आमचें काम पहांटे स्नानसंध्येनंतर ऊन चढेपर्यंत चालतें.

चौकट काटकोनांत उतरली कीं नाहीं हें सुताराच्या लहान गुण्यानें पाहावें लागतें. त्याहून खरी परीक्षा आरशाची. तयार सांगाडा आडव्या आरशावर ठेवून कागदाचा कपटा एकेका चाकाखालीं सरकवून पाहावा. एखाद्या चाकाखालून कपटा निघाला, तर तें चाक अधांतरीं आहे, आणि असा डबा पहिल्याच वळणावर रूळ सोडणार. शिवाय प्लॅस्टिक फार हलकें. वजन नसेल तर डबा नीट चालत नाहीं. आम्हीं मोटारीच्या दुकानांतून गंजलेले चार नट आणून तळाशीं बसविले. आमच्या सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतील इलेक्ट्रिक काट्यावर तो डबा तोलूं दिला, पण काटा नंतर दोनदां धुतला.

येथें प्रमाणाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्यांत एक गंमत आहे. इंग्लंडांत ज्या प्रमाणाचा फार प्रचार आहे, त्यांत खऱ्या एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे सुमारें ७६ स १ असें मान धरितात. इंग्लंडचा रूळमार्ग चार फूट साडेआठ इंच रुंद. तेव्हां प्रतिकृतींत तो पावणेएकोणीस मिलिमीटरांहून किंचित् अधिक हवा. प्रत्यक्षांत धरतात साडेसोळा! पूर्वीं लहान इंग्रजी इंजिनांच्या पोटांत त्या काळचें यंत्र मावेना. म्हणून रूळ ८७ स १ या दुसऱ्या प्रमाणाचे ठेवून वरचे डबे तेवढे मोठे केले. म्हणजे धड एका मानाचें आणि पाय दुसऱ्या मानाचे. आणि ही चूक आतां इतकी रूढ झाली आहे कीं सुधारूं जाणाराच विक्षिप्त ठरतो. आपल्याकडील ब्रॉडगेज साडेपांच फुटांचें. याच मानानें त्यास बावीस मिलिमीटर लागतील, आणि मीटरगेजास अवघे तेरा. म्हणून भारतीय गाड्यांच्या हौशी कारागिरांना विकतच्या रुळांवर खरी भारतीय गाडी उभी करतां येत नाहीं. कांहीं तरी सोडावेंच लागतें.

रंगाचें काम आम्हांस जोडणीपेक्षां अधिक आवडलें. प्रथम करड्या अस्तराचा एक पातळ हात, मग तांबूस तपकिरी रंगाचे तीन. एकच जाड हात दिला तर फळ्यांमधील बारीक चिरा बुजतात. आपल्या मालडब्यांचा जुना रंग गेरूच्या जवळचा. तो साधण्यासाठीं विटकरी रंगांत काळ्याचा थेंब मिसळावा लागला. पेटींत इंग्रजी अक्षरांच्या चकत्या होत्या. त्या पाण्यांत भिजवून डब्यावर सरकवावयाच्या असतात. पण त्या आम्हीं वापरल्या नाहींत. बारीक कुंचल्यानें देवनागरी अंक स्वतः लिहिले. मालडब्यावर किती मजकूर असतो याची तोंवर आम्हांस कल्पना नव्हती: मालकीचीं अक्षरें, क्रमांक, रिकाम्या डब्याचें वजन, वाहून नेण्याचा भार, मोठी दुरुस्ती कोठें व केव्हां झाली तें, आणि पुन्हां कधीं व्हावयाची तें. जवळजवळ जन्मपत्रिकाच.

सर्वांत शेवटीं डबा मळवावयाचा असतो. काळ्या-तपकिरी रंगाचें पातळ पाणी अंगभर सोडून लगेच कापडानें टिपून घ्यावें. चिरांत राहील तें राहूं द्यावें. घरांतील मुलांना हें मुळींच रुचलें नाहीं. एवढा सुंदर रंगवून पुन्हां घाण कशाला करितां, असें तीं विचारूं लागलीं. आमचें मत विरुद्ध आहे. चकाकणारा मालडबा ही थाप आहे. ज्याच्या चाकांजवळ ब्रेकची तांबडी धूळ नाहीं आणि दारापाशीं हमालांच्या हातांचे डाग नाहींत, तो डबा मालाचा नव्हे, दुकानाचा.

गतवर्षीं मे महिन्यांत पुण्यास जाणें झालें, तेव्हां नातवाला घेऊन कोथरूडचें जोशी यांचें लहान रेल्वेंचें संग्रहालय पाहिलें. भाऊसाहेब जोशी यांनीं आयुष्यभराच्या छंदांतून उभारलेलें हें छोटें शहर १९९८ सालापासून लोकांस खुलें आहे. दिवे मालवून त्या शहराची रात्र करतात आणि गाड्यांच्या खिडक्या उजळतात, तेव्हां मोठीं माणसेंही खुर्चीच्या कडेवर येतात. नातू तेथून परतल्यापासून आमच्या मेजाजवळ उभा राहूं लागला.

पुतण्यास हें कळवितांच त्यानें उलट एक गोष्ट कळविली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे मंदगतीचा दाखला म्हणून ‘बार्शी लाइट’चें नांव घेऊन हंसतात. पण १८९७ त सुरू झालेल्या या अडीच फुटी रेल्वेचे डबे त्या काळीं नमुनेदार मानले गेले. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीं ते लीड्सच्या कारखान्यांत दाबलेल्या पोलादी पत्र्यांचे करवून घेतले, आणि भारतांत धाडण्यापूर्वीं त्याच शहराजवळ न्यूले येथें रूळ घालून त्यांची परीक्षा घेतली. म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीचे मालडबे प्रथम चालले ते आमच्या पुतण्याच्या शेजारीं!

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. तिसरी पेटी ब्रेकव्हॅनची, म्हणजे मालगाडीच्या शेवटीं असणाऱ्या गार्डाच्या डब्याची होती, आणि आमचे थोरले बंधू गार्ड होते.

अण्णा १९७१ सालीं रेल्वेंत लागले. नोकरीचा बहुतेक काळ पूर्णेस गेला. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला हा मार्ग तेव्हां मीटरगेज होता. त्याचें ब्रॉडगेज झालें २००८ सालीं, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं ते निवृत्त होऊन घरीं आले. आमचें शिक्षण, दोन बहिणींचीं लग्नें, माळवदाची डागडुजी, हें सारें त्यांच्या मनीऑर्डरींवर झालें. पण ते तेथें नेमकें काय करितात, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. विचारलें तर म्हणत, “गाडीच्या मागें बसतों.” चार वर्षांपूर्वीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि नेली. तेव्हांपासून ते ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि आमच्या कानशीचा आवाज ऐकतात.

ब्रेकव्हॅनच्या भिंती उभ्या राहिल्या, छप्पर अद्याप चिकटविलें नव्हतें, तेव्हां आम्हीं तो त्यांच्या हातीं दिला. ते बराच वेळ बोटें फिरवीत राहिले. दोन्ही टोंकांचे सज्जे, लांब पायऱ्या, धरावयाचे दांडे हीं त्यांना लगेच ओळखूं आलीं. छपराच्या तुकड्यावरील नळीशीं बोट थांबलें.

“अरे, हें काय? धुराडें?”

“अण्णा, हा इंग्रजांचा डबा. त्यांच्याकडे थंडी फार. आंत शेगडी असे.”

“बरें आहे! आमच्याकडे वैशाखांत सबंध डबाच शेगडी होई.”

मग त्यांनीं तर्जनी आंत घातली आणि कांहीं तरी शोधूं लागले. “चाक कोठें आहे?”

आम्हांस वाटलें, खालच्या चाकांविषयीं विचारतात. तें नव्हे. गार्डाच्या हातब्रेकचें उभ्या खांबावरचें चाक ते शोधीत होते. पेटींत तसा तुकडाच नव्हता. छप्पर बसल्यावर आंतलें कोणास दिसणार नाहीं, म्हणून साचा करणारानें तो वगळला असावा. आम्हीं तसें सांगितलें.

“दिसत नाहीं म्हणून चाक नाहीं? मग गाडी धरावी कशानें?” असें म्हणून ते थोडे थांबले, आणि डबा हातांत तसाच ठेवून बोलूं लागले.

१९८४ च्या श्रावणांत आमचे तीर्थरूप वारले. आम्हीं अण्णांना तार केली. ज्येष्ठ पुत्र या नात्यानें अग्नि त्यांनीं द्यावयाचा. पण त्या दिवशीं ते आले नाहींत, दुसऱ्या दिवशीं आले नाहींत. अग्नि आम्हीं दिला. ते पोहोंचले तिसऱ्या दिवशीं, अस्थिसंचयन होऊन गेल्यावर. विचारणारांस एवढेंच म्हणाले, “गाडी सोडून येतां येत नाहीं.” आमच्या आत्याबाईंना तें कधीं पटलें नाहीं. त्या असेपर्यंत प्रत्येक श्राद्धाच्या पंक्तीस त्यांचें एक वाक्य ठरलेलें असे, “थोरल्याच्या हातचा अग्नि नव्हता हो नशिबांत!” अण्णा खालीं मान घालून जेवीत.

आतां कळलें तें असें. तार पोहोंचली तेव्हां त्यांची मालगाडी निघून गेली होती. रात्रीं, धो धो पावसांत, दोन स्थानकांच्या मध्यें डब्यांची सांखळी तुटली. पुढचा भाग इंजिनासह पुढें गेला. मागें नऊ डबे व ब्रेकव्हॅन राहिला. सांखळी तुटली म्हणजे व्हॅक्यूमचा ब्रेक आपोआप लागतो खरा, पण तो कांहीं वेळानें हळूहळू ढिला पडतो. आणि तेथें उतार होता. म्हणून गार्डानें हातब्रेकचें चाक अंगांतील सारें बळ लावून आवळावयाचें, चाकांखालीं पाचरी ठोकावयाच्या, मग लाल दिवा घेऊन मागें चालत जावयाचें. मीटरगेजावर चारशें मीटरांवर रुळावर एक फटाका, आणि आठशें मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतरानें तीन. मागून एखादें इंजिन आलें तर चाकाखालीं ते फुटतात आणि ड्रायव्हरास धोका कळतो. ते लावून, तेथेंच दिवा धरून उभें राहावयाचें. अण्णा पहांटेपर्यंत उभे होते. दुसरे दिवशीं दुपारीं मुक्कामाच्या स्थानकावर पोहोंचले, तेव्हां स्टेशनमास्तरांनीं वडिलांचें वर्तमान सांगितलें.

“त्या उतारावर मी तें चाक आवळीत होतों,” ते म्हणाले, “तेव्हां इकडे तुम्ही लांकडें रचीत असाल. वेळ साधारण तीच.”

आम्हीं चिमटा खालीं ठेवला. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मलासुद्धां हें आजच कळतें आहे!” आत्याबाईंना तें कधीं कां सांगितलें नाहीं, असें आम्हीं विचारलें. अण्णांना तो प्रश्नच समजला नाहींसें दिसलें. “त्यांत सांगण्यासारखें काय होतें? ड्यूटी होती,” असें म्हणून ते उठून हात धुण्यास गेले.

चाक आम्हीं तयार केलें. तांब्याची बारीक तार पेन्सिलीभोंवतीं गुंडाळून वळें कापलें, त्यांत आडव्या दोन तारा बसविल्या, आणि टांचणीचा खांब करून तें ब्रेकव्हॅनच्या आंत उभें केलें. चार दिवस त्यांतच गेले. छप्पर कायमचें चिकटविलेलें नाहीं; तें उचलतां येतें. महालयाच्या दिवशीं आत्याबाईंचे दोघे मुलगे जेवणास आले होते. जेवणें झाल्यावर ओसरीवर आम्हीं छप्पर उचलून त्यांना तें चाक दाखविलें आणि सारी हकीगत सांगितली. अण्णांना हें आवडलें नाहीं, ते सुपारी कातरीत म्हणाले, “झालें गेलें कशाला काढितोस?” पण आत्याबाईंच्या थोरल्या मुलानें उठून त्यांच्या पायांवर डोकें ठेविलें, तेव्हां त्यांना सुपारी खालीं ठेवावी लागली.

रेल्वेनें २०२२ पासून गार्ड हें पदनाम बदलून ट्रेन मॅनेजर केलें आहे. नातवानें ही बातमी वाचून दाखविली. अण्णा म्हणाले, “पगार तोच असेल.”

पुतण्याकडून आणखी चार पेट्या आल्या आहेत, कारण एकटा ब्रेकव्हॅन म्हणजे गाडी नव्हे, हें आतां सर्वांस पटलें आहे. जोडणी नातू करितो, मळवणें आमच्याकडे. तयार डबे माजघरांतील कांचेच्या कपाटांत ओळीनें ठेवितों. वहिनींना ब्रेकव्हॅन फार देखणा वाटतो. त्या तो शोभेसाठीं मधोमध मांडतात. रोज सकाळीं अण्णा चहा घेऊन कपाटाशीं येतात, एका टोंकापासून एकेक डबा बोटांनीं चांचपतात, ब्रेकव्हॅन हातास लागला कीं उचलतात, आणि ओळीच्या अगदीं शेवटीं नेऊन ठेवतात.